बावीस शिटांचा कंडक्टर

मी पोटासाठी काय काम केलं, ते सोलापुरात मला शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. लोकांकडे पाठ करून उभं राहायचं, हातात एक काडी धरून ती हलवायची, आणि स्वतः काहीही वाजवायचं नाही. टाळ्या पडल्या की मात्र वळून आपणच वाकायचं. साखर पेठेत आमच्या शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्यांनी एकदा मला पायरीवर बसवून सगळी चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "म्हंजे वाजवनारे येगळे, ऐकनारे येगळे, आन तू मधी?" मी हो म्हणालो. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे इतक्या कणवेने बघितलं की त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

या कामाला कंडक्टर म्हणतात. आमच्या जिल्ह्यात कंडक्टर म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. चामड्याची पिशवी, तिकिटांची पत्र्याची पेटी आणि 'चला, पुढं सरका'. माझ्याही डोळ्यांपुढे तेच यायचं. तरी मी तो शब्द वापरला, आणि त्या एका शब्दापायी माझं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली.

सतराव्या वर्षी घरात भांडून मी लष्करात भरती झालो होतो. नेमबाजीत माझी गोळी कायम शेजाऱ्याच्या फळीवर लागायची, म्हणून मला बँडमध्ये पाठवलं. तिथे नऊ वर्षं काढली. पाच रेघांवरची ती टिंबं वाचायला शिकलो, क्लॅरिनेट वाजवायला शिकलो, आणि शेवटी बँडमास्तरांनी माझ्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेऊन काडी दिली. "तू बरा वाजवतोस, पण दुसऱ्यांच्या चुका जास्त चांगल्या काढतोस," असं ते म्हणाले होते. माझा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता. मला राग पटकन येतो आणि दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसवत नाही. या धंद्याला एवढं भांडवल पुरतं.

दुष्काळ सरला त्या साली मी परत आलो. तेव्हा सोलापुरात एका गिरणीच्या मालकांना एक हौस सुचली होती. ते यंत्रं खरेदी करायला युरोपात गेले होते. तिथे कुणीतरी त्यांना एका संध्याकाळी साठ-सत्तर वादकांच्या मैफलीला नेलं. मालक परत आले ते यंत्रांबरोबर दहा व्हायोलिनं आणि चेलो नावाची माणसाएवढी दोन तंतुवाद्यं घेऊनच. सोलापूरचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा पाहिजे, तोही सिनेमाच्या गाण्यांचा नाही, अस्सल विलायती शास्त्रीय चिजा वाजवणारा. काडीवाला माणूस शोधता शोधता ते माझ्यापर्यंत आले.

नेमणुकीच्या कागदावर हुद्दा टाइप झाला, 'कंडक्टर'. तो कागद घेऊन मी गिरणीच्या ऑफिसात गेलो. हेडक्लार्कने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव वाहन विभागात चढवलं. गिरणीची एक बस होती, कामगारांच्या पोरांना शाळेत सोडणारी.

"मी संगीतातला कंडक्टर आहे," मी म्हणालो.

"कशातला का असेना. कंडक्टरला वर्षाला दोन जोड खाकी कापड आणि एक शिट्टी. रजिस्टरात तसंच आहे."

"पण मी बसवर नसतो."

"मग कशावर असता?"

"खोक्यावर उभा असतो."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "सही करा आणि कापड घेऊन जा. शिट्टी स्टोअरमध्ये संपलीय, पुढच्या महिन्यात मिळेल." मी आवाज चढवणार होतो, पण कापड हातात घेऊन बघितलं आणि गप्प बसलो. गिरणीचंच होतं, पण उत्तम होतं. दोन पँटी शिवल्या.

कापसाच्या रिकाम्या गोदामात संध्याकाळचा भोंगा झाला की आमची तालीम सुरू व्हायची. हवेत कापसाचं तूस उडत असायचं आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी शिंकायचं. एकूण बावीस जण. निम्मे लग्नाच्या बँडमधले, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ढोल वाजवणारे. उरलेले बहुतेक पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांतले, ज्यांचा हात व्हायोलिनवर आधीच बसला होता. ते माझ्यासमोर माझ्याबद्दल तेलुगूत बोलायचे. मी त्याच वस्तीत वाढलेलो, मला सगळं कळत होतं, हे मी त्यांना पहिली दोन वर्षं कळू दिलं नाही. फार करमणूक झाली. माझी काडीही त्यांच्याच मागावरची होती, बांबूची, घासून गुळगुळीत केलेली.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी होती. माझ्याकडे कुणी बघायचंच नाही.

मालकांनी निवडलेली चीज दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाने लिहिलेली होती. वादक त्याला प्रेमाने जर्मनबाबा म्हणायचे. या जर्मनबाबाने पहिल्याच ठोक्याला सगळ्यांना एकदम, जोरात, एका क्षणी वाजवायला सांगितलं होतं. आमच्याकडे मी काडी खाली आणायचो आणि पोत्यातून बटाटे सांडावेत तसे सूर एकामागून एक पडायचे. आधी ट्रम्पेट, मग ढोल, मग दोन व्हायोलिनं, आणि सगळं झाल्यावर कोपऱ्यातून एक चेलो.

क्लॅरिनेटवाले चाचा त्यांच्यात सगळ्यात जुने. दाढी मेंदीने लाल, दम असा की एका श्वासात अख्खी वरात एका चौकातून दुसऱ्या चौकात न्यायचे. मी एकदा चिडून त्यांना विचारलं, की चाचा, मी इथे वर उभा आहे आणि तुम्ही माझ्या पायांकडे काय बघता?

"सत्तावीस बरस घोडे के पिछले पावां देखको बजाया मैं," चाचा शांतपणे म्हणाले. "नजर हटी की लात पडती. अब ये आदत कैसी जाती मियाँ? तुमे लकडी हलाते रहो, हमें बजाते रहते. कायकू झगडा?"

बँडवाल्यांची नजर वरातीतल्या घोड्याच्या मागच्या पायांवर, आणि व्हायोलिनवाल्यांची मागावरच्या सुतासारखी स्वतःच्या तारेवर. बाकीच्यांनी कुठे बघायचं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी दोन दिवस पाय आपटून ताल दिला. खोकं फुटलं.

याच दिवसांत माझ्या मामांनी माझं लग्न काढलं. मामा माढ्याचे, उसाचे शेतकरी, आणि भाच्याचं लग्न जमवण्यात त्यांना कारखान्याच्या निवडणुकीइतकाच रस होता. वैरागला एका भुसार दुकानदाराची मुलगी होती. मामांनी तिकडे जाऊन सांगितलं, "पोरगा कंडक्टर हाय." मामांचा यात काही डाव नव्हता. त्यांनी माझा नेमणुकीचा कागद बघितला होता, खाकी पँट बघितली होती, आणि त्यापुढे चौकशी करायची त्यांना गरज वाटली नव्हती. मुलगी बघायला जाताना तीच पँट घालायचा त्यांनी आग्रह धरला. रुबाबदार दिसतोस, म्हणाले.

मुलीचे वडील दुकानात गादीवर बसले होते, आजूबाजूला ज्वारीची पोती. त्यांनी माझ्या पँटकडे एकदा समाधानाने बघितलं आणि विचारलं, "पावणं, कुटल्या लायनीवर असता?"

मला वाटलं, कुठल्या क्षेत्रात असता असं विचारतायत. "संगीताच्या" म्हणणार, तेवढ्यात मामाच म्हणाले, "सोलापुरातच की."

"व्हय," मी दुजोरा दिला. "बाहेरगावी अजून काढलं नाही."

"मंग तर लई ब्येस. रोज घरी. शिटा किती?"

ऑर्केस्ट्रात माणसं किती असं विचारतायत, हे मला आवडलं. जाणता माणूस वाटला. "सध्या बावीस."

"बावीसच?"

"मालकांच्या मनात चाळीस करायच्या आहेत."

"करतील, करतील. आन उभं किती ऱ्हात्यात?"

"ढोलवाला तेवढा उभा. बाकी सगळे बसून."

"ढोल घिऊन चढल्यावर उभंच ऱ्हाणार की त्यो," ते म्हणाले. "मंग त्या ढोलाचं लगेज तिकीट फाडता का तसंच सोडता?"

'लगेज' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागचे सगळे प्रश्न उलट्या क्रमाने आठवले. मी मामांकडे बघितलं. मामा पानाला चुना लावत होते. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी ती पोह्यांच्या बशा घेऊन आतून आली.

तिचं वर्णन मी करणार नाही, ती हे वाचेल आणि त्यात चुका काढेल. एवढंच सांगतो की ओठांवर आलेलं सत्य मी पोह्यांबरोबर गिळलं. बशी देताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. मला वाटलं, लाजते आहे.

"पास मिळतुया का घरच्यास्नी?" तिच्या वडलांनी विचारलं.

आता मला सगळं कळलं होतं. इथपर्यंत मी अजाण होतो, इथून पुढे नव्हतो. तरी मी म्हणालो, "मिळतो. अगदी पुढच्या रांगेतला."

मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. म्हणून तर ते जास्त वाईट होतं. त्यांनी लग्न तिथेच पक्कं केलं आणि मुलीच्या हातात साखर दिली. आमच्या ऑर्केस्ट्राच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला तीन आठवडे होते, लग्नाला सहा.

परतीच्या एसटीत मला खिडकीशेजारची जागा मिळाली. मामा सुपारी फुटल्याच्या आनंदात घोरत होते आणि मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. ती मुलगी मला आवडली होती. तिचे वडीलही आवडले होते, सरळ माणूस. खरं सांगितलं तर ते म्हणणार, काडी हलवणाऱ्याला मुलगी देत नाही. न सांगावं तर लग्नानंतर कळणार, आणि मग ती आयुष्यभर माझ्याकडे फसवणारा माणूस म्हणून बघणार. पुढे खरा कंडक्टर चामडी पिशवी सांभाळत उभा होता. एक म्हातारी चढली. त्याने छताची दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग, आणि ड्रायव्हरने मागे न बघता गाडी सोडली. पुढच्या फाट्यावर त्याने दोरी एकदाच ओढली. गाडी थांबली. डबल बेल म्हणजे चल, सिंगल बेल म्हणजे थांब. ड्रायव्हरने वैराग ते सोलापूर एकदाही मान वळवली नाही.

मी सीटवरून जवळजवळ उठलोच. माझी माणसं बघत नाहीत. पण ऐकतात तर खरी.

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या दुकानातून एक घंटी आणली आणि माझ्या समोरच्या, कागद ठेवायच्या स्टँडला बांधली. बावीस जणांना सांगितलं, की मी कोण आहे ते विसरा. मी कंडक्टर आहे, तुम्ही सगळे मिळून ड्रायव्हर. आणि घंटी वाजवली, टिंग टिंग.

जर्मनबाबाचा पहिला ठोका गोदामात असा पडला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बावीसही जण एका क्षणी. चाचांनी क्लॅरिनेट तोंडातून काढून माझ्याकडे बघितलं, पायांकडे नाही, तोंडाकडे. "ऐसा बोलना था ना पहिले," ते म्हणाले. एक व्हायोलिनवाला दुसऱ्याला तेलुगूत म्हणाला, की आपला मास्तर दिसतो तेवढा बिनडोक नाही. तो दिवस माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा म्हणायला हरकत नाही.

दोन आठवडे आम्ही घंटीवर चाललो. मग मालक तालीम बघायला आले. पहिल्याच 'टिंग टिंग'ला त्यांचा चेहरा उतरला. कार्यक्रमाला यंत्रं विकणारे दोन जर्मन येणार होते, खुद्द जर्मनबाबाच्या गावाकडचे. त्यांच्यासमोर सायकलची घंटी? "काडीने होत नसेल तर कार्यक्रम रद्द करू," एवढंच बोलून ते गेले. मी घंटी सोडली. उरलेल्या दिवसांत काडीवर सुरुवात कधी साधायची, कधी पुन्हा बटाटे सांडायचे. दहातले पाच वेळा म्हणा.

तिकडे वैरागला मी तीन पत्रं लिहिली. पहिलं सात पानांचं झालं, त्यात युरोपच्या संगीताचा इतिहास आला. दुसऱ्यात एकच वाक्य होतं, 'मी तो नव्हे', ते वाचून तर पोलीसच आले असते. तिसरं चांगलं होतं, पण पेटीत टाकायला हात धजला नाही. शेवटी मामांना सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "आरं, कंडक्टर म्हनलं तर पोरगी मिळती. मास्तर म्हनलं तर चा मिळतुया. काडी हलवतो म्हनलं तर त्यो बी न्हाय. लगीन लागू दे, मंग सांग."

मला ते पटलं नाही. पण पत्र लिहायचंही धाडस नव्हतं. मी भेकडासारखा मधला मार्ग काढला. कार्यक्रमाचे तीन पास पाकिटात घातले, पहिल्या रांगेतले, आणि वैरागच्या पत्त्यावर पाठवून दिले. येतील, डोळ्यांनी बघतील, आणि मग काय ते होईल.

ते आले. वडील, मुलगी, आणि माढ्याहून मामा. वडलांनी नवी टोपी घातली होती आणि बरोबर हरभऱ्याच्या डाळीची एक पिशवी आणली होती, माझ्या डेपो मॅनेजरला द्यायला. मुलीच्या हातात प्रवासातला पितळी फिरकीचा तांब्या. हे मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या दोन खुर्च्यांवर जर्मन बसले होते. माझ्या होणाऱ्या सासरेबुवांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला.

संध्याकाळी सहाला पडदा वर गेला. मी स्टेजवर आलो, समोरच्यांना नमस्कार केला आणि वळून खोक्यावर चढलो. यापुढे सभागृहात काय झालं ते मला मामांनी सांगितलं, कारण माझी पाठ होती. ती पाठ बघूनच सासरेबुवा पहिल्यांदा गडबडले. "ह्यो आमच्याकडं पाठ का करून हुबा हाय?" त्यांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "कामावर हाय त्यो."

मी काडी उचलली. बावीस चेहरे. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळे माझ्याकडे बघत होते, झाडून सगळे, आणि एकाच्याही नजरेत जीव नव्हता. दिवे, गर्दी, गोरे पाहुणे. मी काडी खाली आणली.

काहीही झालं नाही. एक सूर नाही. ढोलवाल्याने काठी वर धरली होती ती वरच राहिली. मी पुन्हा काडी उचलली, पुन्हा खाली आणली. शांतता. मागे कुणीतरी खोकलं. माझ्या मनात आलं, आता ऑर्केस्ट्रा गेला, नोकरी गेली आणि वैरागही गेलं, सगळं एकाच ठोक्याला, जो पडतच नाही.

"बेल मारो मियाँ," चाचा ओठ न हलवता म्हणाले. ते स्वतःला पुटपुटणं समजत होते, पण सत्तावीस वर्षं वरातीत बोललेल्या माणसाचं पुटपुटणं ते, पहिल्या रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं.

बेल माझ्याकडे नव्हती. मी तिसऱ्यांदा काडी उचलली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आणि माझ्या पाठीमागून, अंधारातून, स्वच्छ आवाज आला. टिंग टिंग.

जर्मनबाबाचा पहिला ठोका पडला. बावीसही जण. पुढची पंचवीस मिनिटं गाडी कुठेही अडली नाही. एका वळणावर ट्रम्पेटवाले सुसाट निघाले होते, मी डावा हात दाखवला, आणि त्यांनी तो बघितला. बघितला म्हणून मला इतका आनंद झाला की एक क्षण मीच ताल विसरलो. शेवटचा ठोका पडला, टाळ्या झाल्या, मी वळून वाकलो. घंटी कुणी वाजवली ते शोधायला नजर फिरवली, पण दिव्यांमुळे काही दिसलं नाही.

नंतर जर्मनांनी मालकांना विचारलं म्हणे, की सुरुवातीची ती घंटा कुठल्या परंपरेतली? मालक क्षणाचाही विचार न करता म्हणाले, की आमच्याकडे कुठलंही मंगल कार्य घंटेशिवाय सुरू होत नाही. जर्मनांनी ते वहीत लिहून घेतलं.

माझी खरी परीक्षा मेकअपच्या खोलीत होती. सासरेबुवा आत आले, मागे मामा, त्यांच्या मागे ती. डाळीची पिशवी अजून त्यांच्या हातात होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"यष्टीत न्हाई तुमी," ते म्हणाले.

"नाही."

"त्या दिशी कळलं हुतं तुमास्नी, आमी काय समजतुया ते?"

"लगेज म्हणालात तेव्हा कळलं."

"मंग बोलला का न्हाई?"

मला लाज वाटली. लष्करात, गिरणीत, तालमीत मी दुसऱ्यांना चुका दाखवत आलो होतो, आणि इथे एका साध्या माणसाने माझीच चूक माझ्यापुढे ठेवली होती. "भ्यालो," मी म्हणालो. "मुलगी मिळणार नाही म्हणून."

त्यांनी माझी काडी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. "अर्धा तास हुबा ऱ्हायला," ते मामांना म्हणाले, जणू मी खोलीत नव्हतोच. "एक सूर काडला न्हाई. डायवर बी न्हाई आन पाशिंजर बी न्हाई. पर ह्याच्या हाताबिगर गाडी हालंना. मंग कंडक्टरच म्हनायचा की." मामांनी घाईघाईने मान डोलावली. सासरेबुवा माझ्याकडे वळले. "पेन्शन?"

"नाही."

"मालकाची हौस फिटली तर?"

"तर माझं काय होईल ते मला माहीत नाही."

त्यांनी उसासा टाकला. आणि मग त्यांनी असं काही केलं जे तेव्हा वैरागात कुठलाही बाप करत नव्हता. ते मुलीकडे वळून म्हणाले, "तूच सांग. जल्म तुला काडायचाय. ह्यानं फशिवलंय आपल्याला."

"मला न्हाई फशिवलं," ती हळू आवाजात वडलांना म्हणाली. "माजा सख्खा मामा यष्टीत कंडक्टर हाय की. तिकिटाचा पंच दाबून दाबून त्याच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. ह्यांच्या न्हवता. बशी देताना बगितलं म्या."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. मी तीन पत्रं फाडली, तीन आठवडे झोपलो नाही, आणि ही वैरागला बसून सगळं जाणून होती. मला राग यायला पाहिजे होता. पण तो कुठून आणायचा?

"मंग बोलली का न्हाईस?" वडलांनी तिलाही तोच प्रश्न विचारला.

"ह्ये कवा बोलत्यात त्ये बगत हुते."

"आन आता? व्हय म्हनू का न्हाई म्हनू?"

चारचौघांत स्वतःच्या लग्नाला तोंडाने हो म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने हातातला फिरकीचा तांब्या आरशापुढच्या टेबलावर ठेवला. रिकामा होता. झाकण काढलं, आतलं फुलपात्र काढलं आणि ते तांब्याच्या काठावर हलकेच मारलं.

टिंग.

तो आवाज मी ओळखला. अंधारातून आलेला तोच. आणि त्याच क्षणी लक्षात आलं, की ही एकच वाजली. सिंगल बेल. थांब. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, या वेळी हाताकडे नाही, आणि फुलपात्र तसंच हवेत धरून होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. बावीस माणसांना काडीच्या टोकावर ताटकळत ठेवायचं काम मी रोज करत होतो, स्वतः ताटकळायची ही पहिलीच वेळ. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मी जेवढे दिवस गप्प बसलो होतो, त्यांचा हिशेब ती करत असावी.

मग तिने दुसरी मारली. जीव भांड्यात पडतो म्हणतात, माझा त्या फिरकीच्या तांब्यात पडला.